खान शामियान्यात ताटकळतो तेव्हा

‘गोष्ट आणि पोवाडा’ असा कार्यक्रम मंडळानं ठरवला की निवेदकाला वाटतं, लोक गोष्ट ऐकायला येणार. ढोलकीवाल्याला खात्री असते, लोक त्याच्यासाठी येणार. अध्यक्षांचा समज तिसराच असतो. त्याकडे नंतर येऊ.

आधी डफ. दमट हवेत त्याचं चामडं सैल पडतं आणि थापेला ओल्या उशीसारखा आवाज येतो. उघड्यावर तो जाळावर शेकता येतो. बंद सभागृहात जाळ केला तर सर्वांत आधी धुराचा भोंगा वाजतो, तोही बेतालात. मी हॅलोजनच्या दिव्यासमोर हातभर अंतरावर डफ फिरवत ठेवायला सांगतो. घाईनं जवळ नेला तर चामडं तडकतं. गार झाला की पुन्हा सैल, म्हणून डफ दोन हवेत: एक वाजतो, एक शेकतो. तुणतुणं पेटीच्या सुराला लावायचं. पेटीला खुंटी नसते हे काही शाहिरांना दरवेळी नव्यानं सांगावं लागतं.

खरा घोळ गोष्ट संपून पोवाडा सुरू होतो त्या सांध्यावर. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली काय झालं, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही पाठ असतं. तेव्हा निवेदकानं शेवट रंगवू नये. गोपीनाथपंत आणि कृष्णाजी भास्कर या दोन वकिलांच्या फेऱ्या रंगवाव्यात. एका वेळी तीन मिनिटं, फार तर चार. त्यापुढे मोबाइल निघतात. आणि निवेदनाचं शेवटचं वाक्य शब्द न् शब्द ठरलेलं हवं. ‘खानानं मिठी मारली’ म्हटलं की डफावर थाप, मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांचा ‘जी जी रं जी’. पण नेमकी तिथंच टाळी पडते, निवेदक फुलतो आणि म्हणतो, ‘मिठी मारली बरं का मंडळी, यावरून आठवलं...’ तोवर थाप पडलेली असते. त्याला काय आठवलं ते कुणालाच कळत नाही. बरंच असतं ते.

बोलण्याखाली ढोलकी हवीच असेल तर नुसत्या बोटांचा ठेका, तिचा माइक निम्म्यावर. निवेदकाचा माइक वेगळा आणि त्यावरचा एको बंद. नाहीतर ‘खान... खान... खान’ असे तीन खान येतात. महाराजांनी एकाचीच तयारी केलेली असते.

आता अध्यक्ष. उघड्या मांडवात रात्री दहाला भोंगे बंद, 2000 सालचा नियमच आहे. साडेसातचा कार्यक्रम आठला सुरू होतो, सत्कार पाऊण तास खातात, भाषणं उरलेला जीव. दहाला पाच कमी असतात, साउंडवाला वायरी गुंडाळायला लागतो आणि खान अजून शामियान्यात ताटकळत असतो. त्यामुळे सत्कार मध्यंतरानंतर घ्यायचे, असं मी अध्यक्षांकडून लेखी घेतो. मध्यंतर ठेवतच नाही.