‘सापो’ डोंगराची थाप आणि स्वीडनचा साबण

रोमजवळ ‘सापो’ नावाचा डोंगर होता, तिथे पशुबळी देत, पावसाने चरबी आणि राख टायबर नदीकाठी वाहून आली, त्या चिखलात बायकांचे कपडे लख्ख निघाले. त्यावरून साबणाला लॅटिनमध्ये ‘सापो’ हे नाव मिळालं आणि युरोपभर तोच शब्द गेला. हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल.

पहिलं म्हणजे तो डोंगर. कुठल्याही प्राचीन रोमन लेखकाने त्याचं नाव घेतलेलं नाही. नकाशावरही तो नाही.

आता चरबी. बळीचं मांस बहुतांशी माणसंच खात, देवाच्या वाट्याला काळीज-आतडी. नदीपर्यंत ओघळ जावा एवढी चरबी उरणार कुठून? उरली असं धरलं, तरी साबण करायचा तर राखेचं दाट खारं पाणी आणि चरबी बराच वेळ उकळावी लागते. पावसाच्या गार, पातळ पाण्यात ते जमत नाही.

शब्दाची गोष्ट तर उलटीच आहे. पहिल्या शतकात खुद्द रोमन लेखक प्लिनी लिहितो की ‘सापो’ ही गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) लोकांची युक्ती, केस तांबडे करण्यासाठी. बकऱ्याची चरबी आणि बीच झाडाची राख सर्वांत चांगली. जर्मनांत म्हणे बायकांपेक्षा पुरुषच ते जास्त लावत! कपड्यांचं नाव नाही. शब्द उत्तरेकडून लॅटिनमध्ये आला, असंच बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. फिनिश भाषेने तो जुन्या जर्मानिक (जर्मन, स्वीडिश यांच्या पूर्वज) बोलींतून उचलला; तिथे आजही ‘साइप्पुआ’ म्हणतात. आपला साबण मात्र अरबी ‘साबून’कडून आलेला, आणि साबूनचं मूळ लॅटिनच.

राहिला ‘युरोपभर एकच शब्द’. त्यासाठी लांब जायला नको, स्वीडन पुरे. तिथे अंगाच्या-हाताच्या साबणाला ‘त्वोल’ म्हणतात, पंपाच्या बाटलीतल्या पातळ साबणालासुद्धा. हा शब्द ‘त्वो’ म्हणजे धुणे या जुन्या क्रियापदाच्या घराण्यातला. ते क्रियापद आता ‘हात झटकणे’ अशा अर्थाच्या वाक्प्रचारापुरतं उरलंय. सापोचा भाऊबंद स्वीडिशमध्येही आहे, ‘सोपा’ (हो, उच्चार आपल्या सोपासारखाच), पण तो लाकडी जमीन घासायचा मऊ साबण. शेजारच्या नॉर्वेत मात्र हात, अंग, फरशी, सगळ्याला ‘सोपे’च. त्यामुळे ऑस्लोहून आलेल्याने स्टॉकहोमच्या दुकानात हात धुवायला ‘सोपा’ मागितला, तर फरशी पुसायची बाटली हातात पडायची.