दळण, जिना आणि बीट

लिफ्ट पुन्हा बंद. ‘काम चालू आहे’ अशी पाटी. काम करणारा मात्र कोणाला दिसलेला नाही. हातात दळणाचा डबा आणि घर पाचव्या मजल्यावर.

तिसऱ्या मजल्यावर काका खुर्ची टाकून बसलेले. मी कठडा धरून उभा. पेपर खाली आला.

“काय रे, दमलास?”

मी मान हलवली. बोलायला हवा शिल्लक नव्हती.

“रक्त घट्ट झालंय तुझं. पोटऱ्यांपर्यंत पोचतच नाही. बीट खा. माझं बघ, अठ्ठ्याहत्तर संपलं, कधी धाप नाही.”

“तुम्ही चढता रोज?”

“चढायला आधी उतरायला लागतं. मी उतरतच नाही.”

पोचत नाही म्हणे! बसलेल्या माणसाच्या सगळ्या स्नायूंना मिळून मिनिटाला जेमतेम लिटरभर रक्त मिळतं. तोच जीव तोडून धावू लागला की हृदयातून निघणाऱ्या रक्तातला ८० टक्के वाटा स्नायूच ओढतात. मेंदू तेव्हा ‘वाहिन्या आवळा’ असा सरसकट हुकूम सोडत असतो. पण राबणाऱ्या स्नायूत ऑक्सिजन घटतो, पोटॅशियम आणि ॲडेनोसिन साचतं, तिथल्या इवल्या धमनिका सैल पडतात आणि हुकूम बराचसा धाब्यावर बसतो. मग पुढच्या केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी अंग चोरत एकेक करून सरकतात. या केशवाहिन्यांच्या कारभाराचा छडा लावल्याबद्दल कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० चं नोबेल मिळालं. धमनिका म्हणजे पाणी सोडणारा चावीवालाच, फक्त यांना चहापाणी लागत नाही आणि अर्जही करावा लागत नाही.

आम्ही लिफ्टसाठी किती अर्ज केले! सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात, त्यांना लिफ्ट म्हणजे ऐकीव गोष्ट. मेंटेनन्सला एक दिवस उशीर झाला तर व्याज लावतात. लिफ्ट बंद होती तेवढ्या दिवसांचे पैसे परत मागितले तर म्हणाले, “व्यायाम होतोय ना?”

हे सगळं काकांना सुनवायचं होतं. निघालं एवढंच: “काका... धमनिका...”

“कोण? चौथ्या मजल्यावरची का?”

आणि खरी चीड पुढेच आहे. बिटात नायट्रेट असतं, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि त्यानं रक्तवाहिन्या खरोखरच सैलावतात. काकांना हे कोणीही सांगू नये.