डाळीच्या पाण्यावर प्रोटीन भागत नाही, बॅरिॲट्रिकवाल्यांनी तो फॉरवर्ड नीट वाचा

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर काय खावं यावर एक मेसेज बऱ्याच फॅमिली ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असं म्हणणं आहे की प्रोटीन पावडर हे कंपन्यांचं खूळ, त्याने किडन्या खराब होतात, घरचं डाळीचं पाणी, नाचणी सत्त्व, मोडाची मटकी आणि मूठभर शेंगदाणे-बदाम भरपूर झाले, उलट्या होत असतील तर पावडर बंद करून डाळीच्या पाण्यावर राहा, आणि एकदा वजन उतरलं की प्रोटीनचं टेन्शन संपलं. माझी स्वतःची स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, झालीये, घर शाकाहारी, मी फक्त अंडं खाते, आणि हा मेसेज वाचून लोक खरंच पावडर बंद करतायत हे बघून राहवलं नाही म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

डाळीचं पाणी आधी घेऊ. तुरीच्या डाळीत 100 ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं हे बरोबर आहे, पण ते कोरड्या डाळीचं. एक वाटी घट्ट वरणात डाळ पडते 25-30 ग्रॅम, म्हणजे प्रोटीन आलं सहा ग्रॅमच्या आसपास, आणि वरचं निवळ पाणी काढून प्यायलं तर त्यातलं नावापुरतंच येतं कारण डाळ तर खाली भांड्यातच राहिली ना. आता पोटाचं बघा, स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75-80 टक्के भाग काढून टाकतात, बायपासमध्ये (हृदयाचं नाही, जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) सुरुवातीला जी पिशवी उरते ती जेमतेम 30 मिलीची. आणि रोजचं टार्गेट बहुतेकांना 60 ते 80 ग्रॅम दिलेलं असतं. म्हणजे फक्त वरणावर भागवायचं तर दहा वाट्या पाहिजेत आणि सुरुवातीला इथे अर्धी वाटी संपताना नाकी नऊ येतात. घरचं की बाहेरचं हा प्रश्नच नाहीये, एका घासात किती प्रोटीन जातंय हा प्रश्न आहे. डाळीचं पाणी पहिल्या काही दिवसांच्या लिक्विड डाएटमध्ये ठीक आहे, घोटघोट पाणी पोटात जातं तेवढाच त्याचा उपयोग.

नाचणी मला प्रिय आहे, कॅल्शियम तिच्यात खरंच भरपूर, पण प्रोटीन 100 ग्रॅमला सातच्या आसपास आणि सत्त्व काढताना गाळण्यात त्यातलंही बरंच जातं. पाण्यात शिजवून गूळ घातला की उरतो स्टार्च आणि साखर, बायपासवाल्यांना तर गोडाने डंपिंग होतं, म्हणजे खाल्लेलं एकदम आतड्यात उतरतं आणि घाम, धडधड, पोटात कळा. दुधात केली तर प्रोटीन येतं पण ते दुधाचं.

मोडाच्या मटकीत वजनाचा बराच भाग पाणी असतं, वर साल, वर गॅस. काही महिन्यांनी नीट शिजवलेली उसळ खा, जरूर खा, पण सुरुवातीला नको. शेंगदाण्यात प्रोटीन आहे, 30 ग्रॅमला सात-साडेसात, पण सोबत 170 कॅलरी येतात आणि मूठ कधी दोन मुठी होते कळत नाही. कूट भाजीवर भुरभुरा, त्याच्यावर जेवण भागवू नका.

आता किडनी, कारण सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच. आयसीएमआर-एनआयएनच्या, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, 2020 च्या शिफारशीप्रमाणे साध्या निरोगी माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 65 किलोच्या पुरुषाला 54 ग्रॅम. मग 60-80 ग्रॅम हा काय बॉडीबिल्डरचा डोस झाला का? किडन्या चांगल्या असतील तर एवढ्याने त्या जात नाहीत. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल किंवा किडनीचा आजार आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आकडा किडनीचे डॉक्टरच ठरवणार. बायपासनंतर मूतखड्याचा धोका मात्र खरा आहे, पण तो ऑक्सलेट जास्त शोषलं जाण्याने आणि पाणी कमी पडण्याने, त्यामुळे लक्ष पाण्याकडे द्या, जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने.

पावडर घेताना डबा उलटा करून मागचं लेबल वाचा. चांगल्या व्हेच्या, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेल्या पावडरच्या, एका स्कूपमध्ये 20 ते 25 ग्रॅम प्रोटीन असतं. दुधाने पोट फुगत असेल तर व्हेचाच आयसोलेट हा जास्त शुद्ध प्रकार बघा, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) खूप कमी असतं. माल्टचे डबे लोक प्रोटीन म्हणून आणतात, त्यात साखर जास्त आणि प्रोटीन कमी. आणि कोलेजनची पावडर केसांसाठी म्हणून घेत असाल तर तिला प्रोटीनमध्ये मोजू नका, त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो ॲसिडच नसतं.

घरचंच खायचंय ना, मग चक्का आहे की! दही फडक्यात बांधून चार-पाच तास टांगून ठेवा, पाणी निथळलं की त्याच वाटीत साध्या दह्याच्या दुपटीने तरी प्रोटीन बसतं, साखर न घालता जिरेपूड आणि मीठ घालून खा, पहिल्या महिन्यातसुद्धा घशाखाली छान उतरतो. पनीर 100 ग्रॅमला 18 च्या आसपास, कुस्करून घट्ट वरणात मिक्सरला फिरवलं की कळतही नाही. सोया चंक्स कोरडे असताना 100 ग्रॅमला 52 ग्रॅम, नंतरच्या टप्प्यात भिजवून, घट्ट पिळून, मिक्सरला एक फेरा देऊन खिमा करा. मासे खाणाऱ्यांचं तर सोपं आहे, रश्शातला मऊ मासा सहज जातो, कोरडं चिकन मात्र बऱ्याच जणांना छातीत अडकतं. माझा साधा दिवस असा, दुधात एक स्कूप 28, दोन अंडी 12, पनीर 50 ग्रॅम 9, चक्का 8, घट्ट डाळ 6, झाले 63. यातला स्कूप आणि दूध काढा, उरतात 35. पावडरशिवाय जमवणारे लोक आहेत, पण हळूहळू, पोटात जागा झाल्यावर.

वजन उतरलं की संपलं हेही चूक. पहिल्या सहा महिन्यांत चरबीबरोबर स्नायूही जातात. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात ते वजन झपाट्याने उतरल्यामुळे, आणि प्रोटीन, लोह, झिंक कमी असेल तर आणखी. पुढे पोटात जागा झाली की चिवडा, खाकरा, बिस्किटं अलगद सरकतात, पोट भरल्यासारखं वाटतच नाही, म्हणून ताटातलं प्रोटीन आधी संपवायचं ही सवय कायमचीच ठेवायची, आणि वर्षातून एकदा तरी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), लोह, बी12, व्हिटॅमिन डी तपासून घ्यायचं.

उलट्यांचा सल्ला मात्र सरळसरळ धोकादायक आहे. ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील तर व्हिटॅमिन बी1 काही आठवड्यांत संपू शकतं आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी घरी डाळीच्या पाण्यावर राहू नका, त्याच दिवशी सर्जनच्या टीमला फोन करा आणि ऑपरेशन कधी झालं, किती दिवस उलट्या होतायत हे स्पष्ट सांगा. दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी बॅरिॲट्रिक सर्जरी झालीये आणि बी1 द्यायचं का हे तिथल्या डॉक्टरांना आठवणीने विचारा.