रविवारचा बंब

आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या चर्चमध्ये धूप जाळत नाहीत, उदबत्ती लावत नाहीत. तरी रविवारी आम्ही बाकावर जाऊन बसलो की धुराचा वास येतोच. मागच्या बाकावरच्या एक अनुभवी आजी तो नुसता हुंगून सांगतात, "आज बाभूळ न्हवती वाटतं. शेणीवर भागवलंयसा." शेणी म्हणजे गोवरी.

या वासाचं उगमस्थान आमच्या न्हाणीबाहेरच्या पडवीत उभं आहे. तांब्याचा बंब, आजेसासऱ्यांनी घेतलेला. पोटात नळकांडं, त्यात जाळ, भोवतीनं पाणी. वरून एक बादली गार ओतल्याशिवाय तोटीतून एक बादली गरम काढायची नाही, हा घरातला पहिला नियम; दहा आज्ञा त्याच्या नंतर. नियम मोडला आणि खाली जाळ असताना बंब कोरडा पडला तर जोड वितळतात, तोटी गळायला लागते आणि मग तांबट शोधत गावभर फिरावं लागतं. हल्ली चर्चला चांगला पाळक एकवेळ मिळेल, तांबट मिळत नाही.

घरात गिझर आहे. तो पाहुण्यांसाठी. "गिझरचं पाणी अंगावर पडतंय, अंगात जात न्हाई," हे सासऱ्यांचं मत. याला पवित्र शास्त्रात कुठंही आधार नाही, पण पप्पा चर्चच्या वडील मंडळात आहेत, त्यामुळे कुणी आधार मागत नाही.

कोल्हापुरात 1852 साली मिशनचं काम सुरू करणारे रॉयल वाइल्डर मूळचे अमेरिकेतल्या व्हरमाँटचे. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याच्या पार खाली जातो, अख्खं घर लाकडाच्या शेगडीवर ऊबदार ठेवायचं, आणि त्यासाठी लाकूड आदल्या वर्षीच फोडून, रचून, वाळवून ठेवायचं. त्या माणसाला कोल्हापूरचा डिसेंबर म्हणजे सुट्टीच वाटली असणार. आम्ही मात्र 14 अंशांत कानटोप्या घालून बंबाला चिकटतो आणि "यंदा थंडी लई हाय" असं एकमेकांना बजावतो. वाइल्डरसाहेबांकडून आम्ही धर्म घेतला, लाकूड वाळवायची शिस्त घ्यायची राहिली.

बाकी ख्रिस्ती जगात पंथ किती आहेत ते असो, आमच्या पडवीत चार आहेत. पप्पा बाभूळपंथी. बाभळीची ढलपी एकदा धरली की तिचा निखारा शेवटच्या माणसाच्या आंघोळीपर्यंत टिकतो, हे खरंच आहे. फक्त ती धरेपर्यंत पहिल्या माणसाचा पुनरुत्थानावरचा विश्वास तपासला जातो. सासूबाई शेणीपंथी. शेणी सावकाश जळते, भडकत नाही, रुसत नाही. होळीला कोल्हापुरात 'होळी लहान करा, शेणी दान करा' म्हणून पंचगंगा स्मशानभूमीसाठी शेणी गोळा करतात. आमचा होळीशी संबंध नसला तरी आई दरवर्षी देतात. मन मोठं आहे त्यांचं. पण टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्यांची नजर त्या शेणींवरून हलत नाही.

भाऊजी चिपाडपंथी. त्यांच्या मित्राचं गुऱ्हाळ आहे, तिथून ते पोत्यानं चिपाडं आणतात. चिपाड भडाभडा पेटतं, ज्वाला धुरांड्यातून वर येते, भाऊजी "नाद खुळा!" म्हणून ओरडतात, आणि टॉवेल घेऊन येईस्तोवर खाली राख. चौथा पंथ माझ्या नवऱ्याचा. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे पुठ्ठे. याला पप्पा पंथ मानत नाहीत, पाखंड म्हणतात.

मी माहेरची नगरची. आमच्याकडे जळण ओलं असतं ही कल्पनाच नव्हती, कारण ते ओलं करायला पाऊस लागतो. कोल्हापुरात जुलैत सगळंच ओलं. ढलपी, शेणी, काडेपेटी, फुंकणारा. ओल्या लाकडाचा हिशोब सोपा आहे: बंबातलं पाणी तापायच्या आधी लाकडातलं पाणी तापतं, उष्णता तिथंच खर्ची पडते आणि आपल्या वाट्याला धूर येतो. एलीया संदेष्ट्यानं कर्मेल डोंगरावर लाकडांवर चार घागरी पाणी तीन वेळा ओतलं होतं, तरी स्वर्गातून अग्नी उतरला. जुलैत फुंकणी घेऊन बसले की मला हा उतारा हमखास आठवतो. एकदा पप्पांना म्हटलं, "पप्पा, त्याच्याकडं बाभूळ नसणार." पप्पा म्हणाले, "त्याच्याकडं विश्वास हुता. आणि तू जाळीतली राख काढली न्हाईस." दुसरा मुद्दा बिनतोड होता. राखेनं जाळी बुजली की खालून वारा येत नाही. मग विश्वास कितीही असो.

रविवारी उपासना नऊची. आंघोळीचा क्रम ठरलेला: पप्पा, कारण त्यांना दानाच्या थाळ्या बघायच्या असतात; मग मुलं; मग गाणाऱ्या मंडळातले भाऊजी; आणि शेवटी आई आणि मी, म्हणजे ज्यांनी बंब पेटवला त्या. भाऊजींचा नंबर येईपर्यंत ते शाल पांघरून बंबापाशी शेकत उभे असतात. आई स्वयंपाकघरातून विचारतात, "जळण घातलंस का रे?" "माझी पाळी न्हाई." "बादली तरी वतलीस?" "मला काय म्हाईत न्हाई." "मग काल चिपाडं कुणी भिजत टाकली?" "मी न्हवतोच तिथं!" येशूला धरलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात त्याचा शिष्य पेत्रही असाच विस्तवाशी शेकत उभा होता, येशूला ओळखतोस का विचारल्यावर असाच तीनदा नाही म्हणाला होता. फरक इतकाच की कोंबडा आरवल्यावर पेत्र बाहेर जाऊन रडला. शेजारचा कोंबडा आरवतो तेव्हा भाऊजी आंघोळीला जातात.

माझी खरी असूया मात्र बायबलातल्या शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांच्याबद्दल. नेहमीपेक्षा सातपट तापवलेल्या भट्टीतून ते तिघं बाहेर आले, तर केस होरपळला नाही, आणि दानीएलाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की अंगाला आगीचा वाससुद्धा लागला नव्हता. मी इस्त्रीची पांढरी साडी नेसून बंबापासून दहा हातांवरून जाते, तरी मागच्या बाकावर बातमी पोहोचते.

बंब काढून टाकायचा विषय निघतो, नाही असं नाही. पण ऑगस्ट 2019 च्या महापुरात शहराचं पाणी बंद, हायवे बंद, आमच्या गल्लीत वीज नाही, सिलिंडर नाही. तेव्हा टँकरच्या पाण्यावर बंब धडाडत होता आणि पप्पा तोटीपाशी उभे राहून शेजाऱ्यांना बादलीभर गरम पाणी देत होते. जळणात त्या वेळी सगळ्यात जास्त पुठ्ठाच कामाला आला, हे सांगायला गेलेल्या माझ्या नवऱ्याला त्यांनी हातानंच थांबवलं. त्यानंतर कुणी हा विषय वर्षभर काढला नाही.

नाताळच्या आधी बंब चिंचेनं घासायचा असतो. करंज्या, चकल्या एकीकडे आणि ते एकीकडे. घासून तो असा लखलखतो की दारावर गाणी म्हणत आलेली तरुण मंडळी आधी त्याच्यासमोर फोटो काढतात, मग चरनीकडे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याकडे वळतात. आईंना हे मनातून आवडतं, पण "देवाचं आधी बघा की रं," असं त्या म्हणतात.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश नरकावर होता. बाहेर पाऊस, आत पंखे बंद, मंडळी चिडीचूप. कधीही न विझणारा अग्नी, रात्रंदिवस, युगानुयुग, असं ते आवाज चढवत सांगत होते. पुढच्या बाकावरचा एक मुलगा आईला बिलगला. मीही जरा सावरून बसले. तेवढ्यात सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाल्या, "एवढं वाळलेलं जळण आणत असतील कुठनं गं?"