ब्रेक वाजतात? मग तेल मारा! एका फिरत्या सल्ल्याचा समाचार

मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी खाली 'फार उपयोगी' असा शेराही मारला होता. संदेशातला मजकूर थोडक्यात असा: ब्रेकचा आवाज म्हणजे नुसती धूळ. गॅरेजवाले घाबरवून पॅड बदलायला लावतात. त्यापेक्षा चाकाच्या फटीतून डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रे किंवा तेल मारा. तरी आवाज राहिला तर पॅड काढून पॉलिश पेपरने घासा. डिस्क तापली असेल तर वरून पाणी ओता. ब्रेक ऑइल कमी दिसलं तर भरून टाका. आवाज गेला आणि गाडी थांबतेय, म्हणजे ब्रेक ठणठणीत.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, एक पाव. बाकीची जिवावर बेतणारी आहेत. सगळ्यात घातक आधी घेतो.

"डिस्कवर स्प्रे किंवा तेल मारा."

गाडी थांबते ती पॅड आणि डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या, एकमेकांवर घासतात म्हणून. चांगल्या पॅडचा घर्षणांक साधारण ०.३ ते ०.४ असतो आणि गाडीचं सगळं वजन त्या आकड्याच्या भरवशावर थांबतं. मध्ये तेल आलं की तो आकडा कोसळतो. आवाज जातो हे खरंच आहे, पण तो जातो कारण ब्रेक लागणंच कमी झालेलं असतं. दारावरच्या कुत्र्याला गुंगीचं औषध दिलं तर तोही भुंकायचा थांबतो.

बरं, डिस्क लोखंडी असते, ती ब्रेक क्लीनरने पुसून स्वच्छ होते. पॅडचं तसं नाही. पॅडच्या मसाल्यात, म्हणजे डिस्कवर घासणाऱ्या थरात, बारीक छिद्रं असतात, तेल आत मुरतं आणि ब्रेक तापले की पुन्हा वर येतं. तेल प्यायलेला पॅड धुऊन, वाळवून, घासून सुधारत नाही. तो फेकायचा, आणि त्याच्या जोडीला त्याच एक्सलवरच्या, म्हणजे समोरासमोरच्या, दुसऱ्या चाकाचे पॅडही बदलायचे. एकाच चाकावर स्प्रे उडाला असेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी दुसऱ्या बाजूला खेचली जाते.

हा सल्ला कुठून आला असावा, याचा माझा एक अंदाज आहे. पॅड बसवताना मेकॅनिक ग्रीस लावतो हे कोणीतरी पाहिलं असणार. लावतोच, पण कुठे? पॅडच्या पाठीवर, म्हणजे पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) आणि कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा) टेकतात त्या लोखंडी पत्र्यावर. पॅडचे दोन कान ब्रॅकेटमध्ये सरकतात तिथे. आणि कॅलिपरच्या सरकत्या पिनांवर. तेही जास्त तापमान सोसणारं, सिलिकॉन किंवा सिरॅमिक जातीचं ग्रीस, बोटभर नव्हे तर पुसट थर. साधं खनिज तेलाचं ग्रीस पिनांवर लावलं तर तिथलं रबर फुगतं आणि पिना अडकायला लागतात. पॅडच्या पुढच्या तोंडाला मात्र बोटाचा तेलकट ठसासुद्धा नको.

"आवाज म्हणजे नुसती धूळ."

हे ते अर्धं खरं वाक्य. पण धूळ हे दहातलं एक कारण, आणि बाकीची नऊ ओळखायची तर आवाज कधी येतो आणि कसा येतो हे ऐकावं लागतं.

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते आणि मग नाहीशी होते, विशेषतः पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर? डिस्क ओतीव लोखंडाची असते, रात्रीत तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो आणि पॅड तो घासून काढतात. काही करायचं नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते आणि डिस्कला पुरेसं घासून मिळत नाही.

हळू वेगात ब्रेक हलके दाबले की येणारी कर्कश किंचाळी हा वेगळा प्रकार. शाळेत खडू फळ्यावर उभा धरून ओढला की अंगावर काटा आणणारा आवाज यायचा, आठवतो? खडू चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो, सेकंदाला हजारो वेळा. पॅड आणि डिस्क यांच्यातही तेच होतं. खडूचा कोन बदलला की आवाज थांबायचा. इथे कंपन दाबण्यासाठी पॅडच्या पाठीला शिम नावाची पातळ पट्टी असते आणि पॅड घट्ट धरून ठेवायला क्लिपा असतात. पॅड बदलताना जुन्या क्लिपा गंजलेल्या असूनही तशाच बसवल्या किंवा शिम टाकूनच दिले, तर नवे कोरे पॅडही किंचाळतात. धातूचा अंश जास्त असलेले पॅड थंड असताना मुळातच जरा वाजतात. त्यात धोका नाही, फक्त डोकेदुखी आहे.

पण किंचाळीचा एक प्रकार मुद्दाम बसवलेला असतो. बऱ्याच पॅडना स्टीलची एक छोटी जीभ असते. मसाला साधारण २-३ मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि चीं चीं करायला लागते. बऱ्याचदा हा आवाज ब्रेक न दाबताही येतो आणि दाबल्यावर बदलतो किंवा थांबतो. म्हणजे पॅड संपत आले. या जिभेवर तेल मारणं म्हणजे पेट्रोल संपल्याचा दिवा लागला की त्यावर चिकटपट्टी लावणं.

ती चीं चीं कोणी ऐकली नाही, की पुढची पायरी घर्र घर्र. मसाला संपला आणि आता पॅडचा लोखंडी पत्रा डिस्कवर घासतोय. पायाखाली पेडलमध्येही ती खरड जाणवते. इथे गाडी चालवून गॅरेजपर्यंतही नेऊ नये, उचलून न्यावी.

आणखी एक आवाज, कारण त्याने मला स्वतःला फजीत केलंय. गाडी चालताना सतत पत्रा खरवडल्यासारखं, ब्रेकचा संबंध नाही, वेग वाढला की आवाज वाढतो. मी सुट्टीच्या दिवशी दोन्ही पुढची चाकं काढली, पॅड उतरवले, मोजले, साफ केले, परत बसवले. आवाज तसाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाक काढलं तेव्हा डिस्कमागच्या पातळ पत्र्यात, म्हणजे डस्ट शील्डमध्ये, हरभऱ्याएवढा खडा अडकलेला सापडला. पत्रा बोटाने वाकवला, खडा खाली पडला, संपलं. दोन दिवस आणि एक सोललेलं बोट.

खडबडीत रस्त्यावर खटखट येत असेल तर क्लिप निघालेली किंवा पिन ढिली. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घूं घूं ऐकू आली तर बहुतेक चाकाचं बेअरिंग, ब्रेक नाहीतच.

"पॅड काढून पॉलिश पेपरने घासा."

पाव खरं. पॅड फार तापले की त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि मग ते वाजतात. मसाला पुरेसा असेल तर हलकं घासून ती चकाकी जाते. पण चकाकी मुळात कशामुळे आली, हे विचारायला हवं. सरकती पिन जाम असेल किंवा पिस्टन मागे सरकत नसेल तर पॅड कायम डिस्कला चिकटून राहतो आणि तापतो. लांब फेरीनंतर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागतंय, जळका वास येतोय, तर कारण हेच. पेपर घासून चार दिवस शांतता मिळेल, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय ती काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीत हात घालू नका. खाली स्टँड हवेत.

"तापलेल्या डिस्कवर पाणी ओता."

नको. तापलेलं ओतीव लोखंड एकदम थंड केलं की त्याला बारीक चिरा पडू शकतात. सावकाश चालवत राहिलात तर वाराच डिस्क थंड करतो.

"ब्रेक ऑइल कमी दिसलं तर भरून टाका."

पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येऊन राहतात आणि त्यांच्यामागची जागा ऑइल भरून काढतं. म्हणून टाकीतली पातळी हळूहळू खाली जाणं हीच पॅड संपत आल्याची दुसरी खूण आहे. ती भरून टाकली की खूण पुसली गेली, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जास्तीचं ऑइल उतू जाऊन गाडीचा रंग खातं. पातळी झपाट्याने उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. मग भरून नाही, शोधून काम होतं.

"आवाज गेला, म्हणजे ब्रेक ठणठणीत."

बऱ्याच गाड्यांत ती जीभ फक्त आतल्या पॅडला असते, कधी ती वाकते, तुटते. पिन जाम असेल तर आतला पॅड बाहेरच्याच्या कितीतरी आधी संपतो, आणि चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा. म्हणून चाक काढून दोन्ही पॅडची जाडी बघायची, पिना हाताने सरकतात का बघायचं आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी डिस्क मोजून ताडून पाहायची. हे काम गॅरेजवाल्याकडून करून घेतलं तरी काढलेला पॅड मागून घेऊन डोळ्यांनी बघा. लुटले जाण्याची भीती असेल तर तिच्यावरचा उतारा हा आहे, स्प्रे नव्हे.

मला संदेश पाठवणाऱ्या तिघांपैकी एकाचा स्प्रे मारून झाला होता. त्याला सांगितलं तेच इथे: गाडी रस्त्यावर काढू नका. डिस्क दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने पुसा, त्या एक्सलचे चारही पॅड नवे टाका, क्लिपांसकट. मग नवे पॅड डिस्कला नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटरवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण न थांबता, दर वेळी थोडं अंतर ठेवून. शेवटी डिस्क निवेपर्यंत सावकाश चालवा. या पहिल्या दिवशी थोडा वास येईल, थोडा आवाजही येईल. तो येऊ द्या.