टूपाक क्युबात नाही, आणि ते वैर नाटकही नव्हते

माझा भाचा नाशिकला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे; फावल्या वेळात मराठीत रॅप लिहितो आणि बऱ्यापैकी लिहितो. गेल्या रविवारी त्याने "मामा, हे वाच, डोकं फिरेल" असे म्हणत एक लांबलचक फॉरवर्ड पाठवले आणि संध्याकाळपर्यंत तेच माझ्या बहिणीने घरच्या ग्रुपवर टाकले. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: टूपाक शकूर आणि नोटोरियस बी.आय.जी. ऊर्फ बिगी या दोन अमेरिकी रॅपरांचे 'पश्चिम किनारा विरुद्ध पूर्व किनारा' म्हणून गाजलेले वैर म्हणजे सीडी खपवण्यासाठी कंपन्यांनी रचलेले नाटक होते. टूपाकला बिगीनेच मारेकरी घालून मारले. आणि तरीही टूपाक मेलेला नसून क्युबात किंवा न्यूझीलंडमध्ये सुखाने राहतो आहे. ज्याला मारले तो जिवंत आणि ज्या वैरापोटी मारले ते खोटे, ही तीन विधाने एकाच मजकुरात कशी नांदतात, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणालाच पडलेला दिसत नाही.

आधी आकड्यांचा खेळ: टूपाक जिवंत असल्याचा पुरावा म्हणून फॉरवर्डवाले त्याच्या आयुष्यात जागोजागी सात शोधतात. जन्म १६ जूनचा, एक अधिक सहा सात. वय २५, दोन अधिक पाच सात. गोळ्या झाडल्या त्या ७ सप्टेंबरला. मृत्यू दुपारी ४ वाजून ३ मिनिटांनी, म्हणजे पुन्हा सात. जन्माचे साल १९७१, त्याची बेरीज अठरा येते म्हणून ते गाळले. मृत्यूची तारीख १३, तिची बेरीज चार येते म्हणून तीही गाळली. नको ते टाकून हवे तेवढे ठेवायचे ठरवले, तर माझ्या बहिणीच्या गॅस सिलिंडरच्या पावतीतूनही सात निघतील. टूपाकने घेतलेल्या 'मकावेली' या टोपणनावाचा पुरावा त्याहून बादरायणी आहे. इटलीतला राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली याने आपल्या मरणाचे सोंग केले होते, म्हणून टूपाकनेही केले असणार, असा तो तर्क. प्रत्यक्षात मॅकियाव्हेली १५२७ मध्ये फ्लॉरेन्समध्ये साध्यासुध्या रीतीने मेला आणि टूपाकने त्याला वाचले ते तुरुंगात वेळ होता म्हणून.

न्यूझीलंडची गोष्ट कुठून आली हे मात्र नेमके सांगता येते. मे २०११ मध्ये 'लल्झसेक' नावाच्या हॅकरांच्या टोळीने अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीच्या संकेतस्थळात शिरून टूपाक आणि बिगी दोघेही न्यूझीलंडमध्ये सापडल्याची बनावट बातमी चढवली होती. विकिलीक्सवर त्या वाहिनीने केलेला माहितीपट त्यांना आवडला नव्हता, त्याचा हा सूड होता. बातमी काढून टाकली गेली, पण तिचे चित्र काढून घेतलेले लोक अजून ते फिरवत आहेत. २०१२ च्या कोचेला या अमेरिकी संगीत महोत्सवात टूपाक रंगमंचावर दिसला म्हणावे, तर तिरक्या पारदर्शक पडद्यावर संगणकाने तयार केलेल्या प्रतिमेचे प्रतिबिंब पाडले होते. ही युक्ती रंगभूमीवर एकोणिसाव्या शतकापासून आहे. मृत्यूनंतर इतके अल्बम आले याचेही कारण साधे आहे: शेवटच्या अकरा महिन्यांत तो झपाटल्यासारखा रेकॉर्डिंग करत होता आणि ते साठलेले आवाज पुढे वर्षानुवर्षे नव्या तालावर चढवले गेले.

मला चीड आली ती या गमतीजमतींची नाही, बिगीवरच्या आरोपाची आली. या आरोपाला एकेकाळी वजन होते, कारण तो २००२ मध्ये लॉस एंजलिस टाइम्ससारख्या दैनिकाने छापला होता: बिगीने बंदूक पुरवली आणि दहा लाख डॉलर कबूल केले, असे. बिगी तोवर पाच वर्षांपूर्वीच मारला गेला होता, उत्तर देणार कोण? टूपाकवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या रात्री बिगी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत होता असे दाखवणाऱ्या पावत्या कुटुंबाने पुढे केल्या. टूपाकवर १९९४ मध्ये झालेल्या आधीच्या हल्ल्याबद्दल याच दैनिकाने, त्याच वार्ताहराच्या नावाने, २००८ मध्ये छापलेली दुसरी बातमी बनावट कागदपत्रांवर उभी असल्याचे उघड झाले आणि दैनिकाला ती मागे घ्यावी लागली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला २००२ सापडते, २००८ सापडत नाही.

आणि २०२३ तर मुळीच सापडत नाही. त्या वर्षी २९ सप्टेंबरला लास वेगसमध्ये ड्वेन डेव्हिस ऊर्फ 'केफी डी' याला ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) आरोपपत्रानंतर टूपाकच्या खुनासाठी अटक झाली. गोळ्या ज्या पांढऱ्या कॅडिलॅकमधून सुटल्या त्या गाडीत आपण पुढच्या आसनावर होतो आणि गोळ्या मागच्या आसनावरून झाडल्या गेल्या, हे त्याने २०१९ च्या आपल्या आत्मकथनात स्वतःच लिहून ठेवले होते. न्यायालयात त्याने गुन्हा नाकारला आहे, त्यामुळे निकाल लागेपर्यंत तो आरोपीच. पण सरकारी पक्ष जे कारण सांगतो ते लक्षात घेण्यासारखे आहे.

७ सप्टेंबर १९९६ ची रात्र. एमजीएम ग्रँड हॉटेलात माइक टायसनने ब्रूस सेल्डनला पहिल्याच फेरीत लोळवले होते आणि लोक बाहेर पडत होते. टूपाकच्या कंपूतल्या एकाची, डेथ रो या टूपाकच्या रेकॉर्ड कंपनीची गळ्यातली साखळी काही काळापूर्वी एका मॉलमध्ये हिसकावली गेली होती. हिसकावणारा म्हणून लॉस एंजलिसजवळच्या कॉम्प्टनच्या क्रिप्स टोळीतला ऑर्लँडो अँडरसन हा तरुण त्याने लॉबीत दाखवला. टूपाक चालत गेला, पहिला ठोसा त्याचाच, आणि मग सगळे तुटून पडले. हे हॉटेलच्या कॅमेऱ्यात टिपलेले आहे. त्यानंतर तीनएक तासांत, रात्री सव्वाअकराच्या सुमारास, फ्लेमिंगो रोड आणि कोव्हल लेनच्या चौकात टूपाक बसलेल्या, सिग्नलला थांबलेल्या बीएमडब्ल्यूवर गोळ्या झाडल्या गेल्या. टूपाकला चार गोळ्या लागल्या आणि १३ सप्टेंबरला तो गेला. अँडरसन हा डेव्हिसचा भाचा. सरकारी पक्षाच्या मते खून झाला तो या मारहाणीच्या बदल्यासाठी. अँडरसनने आरोप शेवटपर्यंत नाकारला आणि १९९८ मध्ये तो दुसऱ्याच भांडणात मारला गेला. म्हणजे साखळी, ठोसा आणि टोळी. यात पूर्व किनारा कुठे आहे आणि बिगी कुठे?

पूर्व-पश्चिमचे ते रणशिंगही जरा तपासून घ्यावे. पश्चिमेचा सेनापती म्हणून मिरवला गेलेला टूपाक जन्मला न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये. त्याची आई अफेनी शकूर ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती; टूपाकच्या जन्माआधी जेमतेम महिनाभर ती आपल्यावरच्या खटल्यातून सुटली होती. (याच पक्षापासून प्रेरणा घेऊन पुढच्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे भाच्याला ठाऊक नव्हते, ते त्याला फॉरवर्डपेक्षा जास्त आवडले.)

आता नाटकाच्या आरोपात जेवढे खरे आहे तेवढे कबूल करतो, नाइलाजाने. १९९३ मध्ये दोघे मित्र होते, बिगी टूपाकच्या घरी मुक्कामाला असे. ३० नोव्हेंबर १९९४ ला टाइम्स स्क्वेअरच्या क्वाड स्टुडिओत टूपाकला लुटून गोळ्या घातल्या गेल्या, बिगी त्या वेळी त्याच इमारतीत वर होता, आणि तुरुंगातून दिलेल्या मुलाखतीत टूपाकने संशय त्याच्या माणसांवर घेतला. त्यापुढे मासिकांनी मुखपृष्ठांवर 'पूर्व विरुद्ध पश्चिम' छापून अंक खपवले, डेथ रोचा मालक शुग नाइट याने १९९५ च्या पुरस्कार सोहळ्यात भर मंचावरून बिगीच्या कंपनीचा मालक पफ डॅडी याला टोमणे मारले आणि दोन्ही कंपन्यांनी पैसा केला. आगीत तेल ओतणारे होते, हे खरे. पण तेल ओतले म्हणून आग खोटी ठरत नाही. टूपाकचा संशय चुकीचा असेल, खोटा नव्हता.

हे सगळे भाच्याला फोनवर सांगितल्यावर त्याने विचारले, "मग बिगीला कोणी मारलं?" ९ मार्च १९९७ ला लॉस एंजलिसमध्ये पीटरसन मोटार संग्रहालयातली पार्टी आटोपून निघालेला बिगी सिग्नलला थांबलेल्या गाडीत मारला गेला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि त्याचा नवा अल्बम सोळा दिवसांनी यायचा होता. त्या खुनासाठी आजवर कोणावरही आरोपपत्र दाखल झालेले नाही. फॉरवर्डमध्ये याबद्दल एक ओळ नाही.