काजूची बाग, देवराई आणि कार्बनचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मोकळेपणाने विरोध नोंदवलात, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उपग्रहाच्या नकाशावर सिंधुदुर्ग हिरवागार दिसतो, देशाच्या अहवालात वनाच्छादन वाढलेलं आहे, मग रान विरळ होतंय हे मी कशावरून म्हणतो? काजूचं झाडही कार्बन साठवतंच. आणि अवकाशातून लेसरने जंगल मोजता येत असताना टेप घेऊन रानात फिरायचं कशाला?

अहवालापासून सुरुवात करू. भारतीय वन सर्वेक्षण 1987 पासून साधारण दर दोन वर्षांनी हा अहवाल काढतं. त्यात वनाच्छादन म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून मोठा असा तुकडा, ज्यावर झाडांच्या छत्राची सावली किमान 10 टक्के आहे. मालकी कुणाची, झाड कुठलं, लावलेलं की आपोआप उगवलेलं, हे पाहिलं जात नाही. आंबा-काजूच्या बागा आणि रबराची लागवडही त्यात येऊ शकते. हे अहवालातच स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे लपवाछपवीचा आरोप मी करत नाही. 2023 च्या अहवालात देशाचं वनाच्छादन 7,15,343 चौरस किलोमीटर, म्हणजे 21.76 टक्के आहे. पण हा आकडा सावलीचा आहे. तो वाढला म्हणून जुनं रान वाढलं, असा अर्थ त्यातून निघत नाही. डोंगरावरचं मिश्र रान तोडून काजू लावला, तर बाग मोठी झाल्यावर तोच तुकडा पुन्हा हिरवा दिसू लागतो आणि आकड्यात फारसा फरक पडत नाही.

आता कार्बन. झाड न तोडता त्याचं वजन काढायचं तर छातीच्या उंचीवरचा व्यास, झाडाची उंची आणि लाकडाची घनता लागते. उष्णकटिबंधातल्या 58 ठिकाणची चार हजारांवर झाडं प्रत्यक्ष तोडून, त्यांची मापं-वजनं जुळवून 2014 मध्ये एक समीकरण प्रसिद्ध झालं. जगभर आज ते वापरलं जातं. त्यात व्यासाचा वर्ग येतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. 80 सेंटिमीटर व्यासाचं, 25 मीटर उंच, 0.7 घनतेचं (म्हणजे घन सेंटिमीटरला 0.7 ग्रॅम) झाड घ्या. जमिनीवरचं त्याचं कोरडं वजन साधारण 5.7 टन भरतं. त्यातला सुमारे 47 टक्के भाग कार्बन, म्हणजे जवळपास 2.7 टन. त्याच घनतेचं पण 20 सेंटिमीटर व्यासाचं, 10 मीटर उंच झाड जेमतेम 156 किलो. म्हणजे एका जुन्या झाडाची बरोबरी करायला अशी छत्तीस-सदतीस झाडं हवीत. लाकूड सावरीसारखं हलकं असेल, घनता 0.4 धरली, तर पहिल्या झाडाचं वजनही 3.3 टनांवर येतं. वरून पाहताना यातलं काय दिसतं? छत्र.

काजू कार्बन साठवतो हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि काजूवर घर चालवणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. पण बागेत झाडाखालची बेणणी, म्हणजे साफसफाई, होते, कारण पडलेली बी वेचायची असते. त्यात किंजळ, ऐन, जांभूळ यांची रोपंही कापली जातात. पुढच्या पन्नास वर्षांनी तिथे उभं राहिलं असतं ते झाड रोपातच संपतं. आजच्या कार्बनच्या आकड्यात या नुकसानीला जागाच नाही.

देवराईतल्या पोकळ खोडाचंही असंच. समीकरण खोड भरीव धरतं, म्हणून तिथे कार्बन जास्त मोजला जातो. ती चूक आपण दुरुस्त केली तर झाडाची कार्बनमधली किंमत घटते. पण धनेशाची मादी घरटं करते ती अशाच जुन्या झाडाच्या ढोलीत, आणि वड-उंबराची फळं खाऊन रानभर बी पसरवण्याचं काम धनेश करतो. कार्बनच्या वहीत ढोली तूट म्हणून लागेल, रानाच्या वहीत ती जमा आहे. दोन्ही वह्या ठेवाव्या लागतात, एवढाच माझा आग्रह आहे.

आता लेसर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचं जेडाय (GEDI) हे उपकरण मला मनापासून आवडतं. जमिनीवरच्या सुमारे 25 मीटर व्यासाच्या वर्तुळावर ते लेसरचा झोत टाकतं आणि शेंड्यापासून मातीपर्यंत कोणत्या उंचीवर किती पानोळा आहे हे परत आलेल्या प्रकाशावरून सांगतं. रानाची उभी रचना त्यातून छान दिसते. पण त्याला मिळते ती उंची. उंचीवरून टन काढायचे सूत्र बसवलं जातं ते टेपने मोजलेल्या प्लॉटांवर. 2025 च्या जुलैत श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहाचंही तसंच. हेक्टरी 100 टनांपर्यंतचा जैवभार, म्हणजे झाडांचं कोरडं वजन, ठरावीक अचूकतेने मोजायचं उद्दिष्ट त्याच्यासाठी ठेवलं आहे. सह्याद्रीतलं जुनं सदाहरित रान त्याच्या बरंच पुढे जातं. म्हणजे सर्वांत जास्त कार्बन जिथे, तिथेच टेपची गरज सर्वांत जास्त.

तमिळनाडूतल्या मुदुमलाईत भारतीय विज्ञान संस्थेने 1988 मध्ये 50 हेक्टरचा प्लॉट आखला. एक सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक खोडाची तिथे नोंद आहे आणि ती पुन्हापुन्हा तपासली जाते. वणवा आणि हत्ती यांनी किती झाडं मारली, किती नवी आली, उरलेली किती वाढली, हे तिथे सांगता येतं. कोकणातल्या खासगी रानांसाठी असं काही हाताशी असतं, तर तुमचा-माझा वाद आकड्यांवर झाला असता.

तेव्हा तुमच्या बागेत एक आणि गावच्या देवराईत, गावकऱ्यांना विचारून, एक असे 31.6 मीटर बाजूचे दोन चौकोन आखा, म्हणजे प्रत्येकी साधारण दहा गुंठे. उतारावर टेप जमिनीला टेकवून नका धरू, समपातळीत आडवा धरा. जमिनीपासून 1.37 मीटरवर घेर घ्या. खोडाला पाखे, म्हणजे बुंध्याशी फळीसारखे आधार, फुटले असतील तर त्यांच्या वर. घेराला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. झाडांची गावातली नावं लिहा, आणि गुडघाभर उंचीपर्यंतची रोपं वेगळी मोजा. आकडे इथेच टाका, दोन्ही प्लॉटांचा हिशेब मी सगळ्यांसमोर मांडतो.